पिल्याचा पक्का पिंजरा

फजिती सांगायची तर स्वतःचीच सांगावी, दुसऱ्याची सांगितली की भांडणं होतात. तेव्हा चहा घ्या, आणि मी माझ्याच अंगणात, भरदिवसा, अख्ख्या आळीसमोर कसा अडकलो ते ऐका.

पिल्या म्हणजे आमचं कुत्रं. नाव पिल्या, वय तेरा. माझे वडील, आप्पा, पाटसच्या साखर कारखान्याला ऊस घालून येताना त्याला सदऱ्यात घालून घेऊन आले. तेव्हा ते ओंजळीत मावत होतं, आणि पुढं नाव बदलायची गरज आप्पांना कधी वाटली नाही. आप्पा रानात निघाले की हा पुढं, आप्पा बाजेवर टेकले की हा बाजेखाली. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. पिल्या अजून संध्याकाळी फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून बसतो.

आप्पांच्या खोलीला मी कुलूप घातलं होतं. खुंटीवरची टोपी दिसली की मला घास उतरायचा नाही, हे खरं कारण. लोकांना मी उंदरांचं सांगायचो.

आता आमच्या वडगाव रासाईला भीमा आहे, भीमेमुळं ऊस आहे आणि उसामुळं बिबट्या आहे. मी लहान असताना मळ्यात बाजरी असायची, कुत्री खळ्यावर उघड्यावर झोपायची, आणि माणसंही. गेल्या महिन्यात शेजारच्या सोपानआबांचं कुत्रं ओट्यावरून गेलं. साखळी तेवढी राहिली. त्या दिवशी ठरवलं, आप्पांचं कुत्रं असं जाऊ द्यायचं नाही.

मी एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्यामुळं मटेरियलमधलं आपल्याला कळतं, असा माझा समज. पिल्याला रात्री ठेवायच्या पिंजऱ्यासाठी शिरूरला जाऊन सगळ्या जाळ्या पाहिल्या. तारेची साखळी जाळी हातानं वाकत होती. कोंबड्यांची जाळी मांजरानंही फाडली असती.

दुकानदार वैतागून म्हणाला, "सायेब, कुत्रंच ठेवायचंय ना?"

"कुत्रं आत ठेवायचं म्हणून नाही, बिबट्या बाहेर ठेवायचा म्हणून जाळी हवी," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं चार ठिकाणी वापरलं.

शेवटी वेल्डिंगवाल्या नामदेवमामांकडं गेलो. कंपनीत आमची पद्धत अशी, की सॅम्पल दाखवायचं आणि हुबेहूब तसंच मागायचं. ओढ्याच्या वळणावर वनखात्यानं बिबट्यासाठी पिंजरा लावला होता. म्हटलं, याहून भक्कम काय असणार?

"मामा, तो पिंजरा बघून या. अगदी तस्साच पाहिजे. एक गज इकडचा तिकडं नको."

"दार बी तसंच?"

"सगळं तसंच."

"मागचा, शेळी बांधायचा खण बी?"

"मामा, तुम्ही फार विचार करता."

मामांनी पेन्सिल कानामागं खोचली. "तुमाला म्हाईत आसंल," म्हणाले.

रविवारी सकाळी टेम्पोतून पिंजरा आला. चौघांनी उतरवला. जाड गज, खाली पत्रा, काय त्याचं वजन! मी चहूबाजूंनी थापटून पाहत होतो, तोवर सोपानआबा आले.

"आता तू बी पिंजरा लावला व्हय? बरं केलं. सावज काय ठिवनार?"

मला वाटलं, म्हातारा आपला काहीतरी बोलतोय. मी अभिमानानं म्हणालो, "पिल्यालाच ठेवणार आबा. त्याच्यासाठीच तर केलाय."

आबांचा चेहरा पडला. ते लगेच निघून गेले. स्वतःचं कुत्रं आठवलं असेल बिचाऱ्यांना, असं मला वाटलं. ते थेट आमच्या मेथीच्या वाफ्यावर माझ्या आईकडं गेले होते, हे मला नंतर कळलं.

इकडं पिल्या काही केल्या आत जाईना. ओढलं, चुचकारलं, शेवटी भाकरी दाखवली. मग ठरवलं, आपण जाऊन दाखवावं. गुडघ्यांवर रांगत, भाकरी तोंडात धरून आत शिरलो आणि "ये पिल्या" म्हणायला वळलो. गुडघा खालच्या पत्र्यावर पडला.

धाड!

पत्रा दबताच मागं दार पडलं होतं. वर खटका बसला, आणि तो फक्त बाहेरून निघतो. मामांनी खरोखर एक गज इकडचा तिकडं केला नव्हता.

पाच मिनिटांत आळी जमली. पिल्या पिंजऱ्याला पाठ लावून बसला आणि जवळ येईल त्याच्यावर गुरगुरू लागला. तेरा वर्षांचं कुत्रं, अर्धे दात गेलेले, आणि राखण माझी करतंय.

तेवढ्यात आई आली. हातात खुरपं, मागं आबा.

"पिल्याला बिबट्याफुडं बांधनार हाय म्हनं तू? आप्पांच्या कुत्र्याला?"

"आई, तसं नाही गं. त्याला राहायला केलाय."

"ह्यात? मंग तू का बसलायस?"

सगळं सांगावं लागलं. लोक हसत होते, आबा डोळे पुसत हसत होते. आई मात्र हसली नाही. खटक्याला हातही न लावता तिनं विचारलं, "आप्पांच्या खोलीची किल्ली कुठं हाय?"

"आधी दार तर उघड."

"आधी किल्ली. चांगली दगडी भिंतीची खोली, सागवानी दार, आन् कुत्रं राखायला तू लोखंड हुडकत फिरतोस. टोपीला भ्यालास व्हय रं?"

सगळ्या आळीसमोर मला रडू आलं. खिशातली किल्ली गजांतून बाहेर दिली. दोन वर्षं ती माझ्या खिशातच होती. मग आईनं खटका काढला.

पिल्या खोलीत गेला, जागा हुंगली आणि सरळ बाजेखाली शिरला. त्या रात्रीपासून तो तिथंच झोपतो. टोपी खुंटीवर आहे. मला आता तिथं बसून चहा पिता येतो.

पिंजऱ्यात आम्ही कोंबड्या ठेवल्यात. मटेरियल एक नंबर, बिबट्याची काय हिंमत. फक्त अंडी काढायला रांगत आत शिरण्याआधी मी आईला हाक मारून ठेवतो. तीही मग येते, खटक्याशी उभी राहते आणि विचारते, "आज कशाची किल्ली लपवलीस?"