पाचवीचा दिवा

त्या दिवशी दवाखान्यात मी, माझी लेक सुमन, जावई आणि डॉक्टरीणबाई, एवढेच होतो. सुमनला टेस्ट ट्यूबनं मूल झालं, त्यातले उरलेले गर्भ तिथंच गोठवून ठेवलेले.

बाई म्हणाल्या, "आजी, पाच दिवसांचे आहेत. टाकण्यापेक्षा संशोधनाला द्या. त्यांच्या पेशींनी उद्या कुणाची मोडलेली कंबर उभी राहील."

आमचे मालक माडावरून पडले, कंबर मोडली, ते मरेपर्यंत मीच त्यांना कुशीवर वळवत होते. माझ्या तोंडून ‘नाही’ निघेना.

पण पाचवीला आम्ही दिवा लावतो, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. या गर्भांना अजून कपाळच नाही, ती लिहिणार कुठं?

"आई, देऊ का गं?"

"दे," म्हटलं.

घरी येऊन दिवा लावला. बरं केलं की वाईट, अजून कळत नाही. वाचणाऱ्यांनो, लेकीला नावं ठेवू नका. दे म्हणणारी मी होते.