परबकाकूंनी दिलेली ओळख

मुलुंडच्या परबकाकू नसत्या तर माझं बँकेत खातंच उघडलं नसतं. आज मोबाइलसमोर कितीदा मान हलवली, डोळे मिचकावले, तरी बँकेचं ॲप म्हणतंय, ‘ओळख पटली नाही.’ आमची छोटी बँक मोठ्या समूहात गेली, पाटी बदलली, सेवा म्हणे घरबसल्या झाली. नुसता वैताग!

तेव्हाही ओळखीवरच अडलं होतं. सातवीत शाळा सोडून परभणीहून आलेला मी, इस्त्रीच्या दुकानात कामाला. आईला पैसे पाठवायला खातं हवं, आणि खात्यासाठी जुन्या खातेदाराने ओळख द्यायला हवी. बँकेतल्या साहेबांनी पुन्हा परत पाठवलं, तेव्हा मी दाराकडे वळलो. इतक्यात रांगेतून आमच्या गिऱ्हाईक परबकाकू ओरडल्या, “अहो, मी ओळखते ना याला!”

“कधीपासून?”

“माझ्या साड्या हाच इस्त्री करतो, एकही जाळली नाही. अजून काय पाहिजे? सही कुठे करू?”

त्यांच्या पदराला आमच्या इस्त्रीच्या कोळशाचा वास येत होता. तेव्हा मी लाजलो होतो. आज वाटतं, तेवढीच तर माझी ओळख होती.

काकू, पेन्शनच्या वेळी यंत्राला तुमचा अंगठा पटला नाही, तर मला हाक मारा. काउंटरसमोर उभा राहून मी ओरडेन, “अहो, मी ओळखतो ना यांना!”