टीव्हीच तसा आहे, आई

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुला सांगतेय — का, ते विचारू नकोस. आणि मध्येच "जाऊ दे गं" असंही म्हणू नकोस. जाऊ देण्यासारखं नाहीये ते.

आमच्या सासूबाईंची नजर — बाप रे! आमच्या सगळ्या शनवारा मोहल्ल्यात तिचा धाक होता. कणकेतला केस म्हणू नकोस, घासलेल्या पातेल्याच्या कडेला राहिलेला डाग म्हणू नकोस, सगळं त्यांना दारातूनच दिसायचं. माझ्या माहेरी, खकनारला, मला बघायला आल्या, तेव्हा मी आईची जांभळी साडी नेसले होते. निऱ्यांत एक रफू होतं, नखाएवढं. इतकं बेमालूम की आईलाही ते शोधावं लागायचं. सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि भरल्या बैठकीत म्हणाल्या, "मुलगी ठीक आहे. साडी मात्र फाटकी नेसवलीत." माझी आई हसली. काय करणार होती बिचारी? हसली आणि आत निघून गेली. लग्न ठरलं, झालं, पोरं झाली — पण ते हसणं माझ्या डोक्यातून काही गेलं नाही.

हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाहीये हं. फक्त कुठून सुरू झालं, एवढं कळावं म्हणून.

तर — एका दिवाळीला आमचे हे मोठा टीव्ही घेऊन आले. हे शाळेत मास्तर, असल्या बाबतीत चिक्कू. पण यावेळी कुठून हुक्की आली कोण जाणे. एचडी टीव्ही! आमच्या गल्लीतला पहिलाच. एकच चॅनल दोन नंबरांवर यायचं, एका नंबरावर साधं आणि दुसऱ्यावर एचडी. साध्यावर हिरॉईनचा चेहरा नुसता गोरा-गुळगुळीत. एचडीवर तिच्याच गालावरची पावडर फुटलेली दिसायची, नथीतला खडा दिसायचा, पदराचा टाका न् टाका दिसायचा. मी तर येडीच झाले. उठता-बसता नंबर बदलून बघायचे — हे बघ साधं, हे बघ एचडी!

एकदा चुकून साधंच लागलेलं होतं. सासूबाई शेजारी बसून म्हणाल्या, "वा! एचडीचं कामच वेगळं गं. किती साफ!"

मी त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा करत होत्या? छे, चेष्टा त्यांच्या स्वभावातच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एचडी लावलं आणि म्हटलं, "आई, आज एचडी येत नाहीये, साधंच बघा." लगेच नाक मुरडलं. "शी, किती धुरकट." मग उलट करून बघितलं. पुन्हा तेच. मी जे म्हणेन ते त्यांना दिसत होतं.

वाईट वाटलं, असं सांगू? खोटं ठरेल. मला उकळ्या फुटत होत्या. नखाएवढं रफू टिपणारी ती नजर — गेली! आणि घरात हे फक्त मला माहीत!

आणि मला नुसतं तेवढंच माहीत नव्हतं — इथेच खरी मेख आहे. माझ्या मामांना शुगर होती. त्यांचे डोळे असेच गेले. सुरुवात अशीच, सगळं धुरकट, मग काळे ठिपके, मग काही नाही. सासूबाईंनाही शुगर होती. त्यांच्या गोळ्या रोज मीच काढून द्यायचे. म्हणजे कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

मग मी काय केलं? खेळ मांडला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. टीव्ही सुरूच होता. मी मोठ्याने म्हटलं, "आमच्या आईंची नजर म्हणजे काय सांगू! आई, सांगा बरं, टीव्हीतल्या या हिरॉईनच्या साडीच्या काठावर काय आहे?" सासूबाई पुढे वाकल्या. डोळे बारीक केले. सगळ्याजणी बघत होत्या. मग ऐटीत म्हणाल्या, "मोर. मोरच आहेत."

साडीला काठच नव्हता. कोरी, बिनकाठाची साडी होती.

हशा पिकला नुसता. शेजारच्या काकू तर तिळगूळ तोंडात धरून हसत होत्या. सासूबाईही हसल्या — अगदी माझी आई हसली होती तशा — आणि आत निघून गेल्या. माझं उट्टं निघालं होतं. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट तुला सांगायची गरजच पडली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या. मी भाकरी थापत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी कुठली गोष्ट विचारलेली मला आठवत नाही, नुसत्या सांगायच्या. त्या दिवशी दाराला धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुनंदे, खरं सांग. टीव्हीच खराब आहे, का माझे डोळे?"

बघ, किती सोपा प्रश्न होता! "डोळे" म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "टीव्हीच तसा आहे, आई. आपल्या बुऱ्हाणपूरला एचडीचा सिग्नल धड येतच नाही. सगळ्यांचीच बोंब आहे."

त्यांचा चेहरा असा काही खुलला! "तरीच!" म्हणाल्या. "मला मेलीला उगीच घोर लागला होता."

मग सुरू झालं केबलवाल्याशी भांडण. महिन्यातून एकदा तरी मला त्याला फोन करायला लावायच्या. तो बिचारा वायर काढायचा, लावायचा, म्हणायचा, "अम्माजी, सिग्नल तो एकदम फर्स्ट क्लास है." सासूबाईंचं आपलं एकच, "काय फर्स्ट क्लास? सब धुंधला दिखता है, भैया! फुकट पैसे घेतोस?" मी मागे उभी राहून त्याला डोळा मारायचे. तोही हसायचा. वर्षभर त्या माणसाने येऊन आमची वायर तपासली. डोळे कुणी तपासले नाहीत.

एके सकाळी त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर पडल्या. हात मोडला. हातासाठी इंदूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी डोळेही बघितले. शुगरने दोन्ही डोळे आतून गेले होते. आधी आणलं असतं तर लेसर करून पुष्कळ वाचलं असतं, म्हणाले. आता उपयोग नाही.

दवाखान्याच्या जिन्यात हे मला म्हणाले, "तू दिवसभर घरात असतेस. तुला कधी जाणवलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

सासूबाई माझाच हात धरून पायऱ्या उतरत होत्या. त्या यांच्यावर खेकसल्या, "तिला कशाला बोलतोस? तिने तर माझ्यासाठी टीव्ही किती वेळा तपासून घेतला. माझं एवढं कुणी केलं नाही."

मी म्हटलं, "जपून आई, अजून दोन पायऱ्या आहेत."

आता त्या रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसतात. सवयच आहे ती. मालिका सुरू झाली की विचारतात, "आज साफ येतंय का गं?" मी म्हणते, "हो आई, एकदम साफ." मग मी सगळं सांगत जाते — कोण आलं, कोण रडतंय, कुणी काय घातलंय. त्या मान डोलावत ऐकतात. गल्लीत माझं नाव निघतं. सून असावी तर अशी, म्हणतात.

काल त्यांनी विचारलं, हिरॉईनची साडी कोणत्या रंगाची आहे. हिरवी होती.

मी लाल सांगितली.