काट्यावरची भाकरी
ज्वारीची भाकरी करपल्याचा वास आला की मला दवाखान्यातला तो वजनकाटा आठवतो. सत्तरच्या दशकात मी जालन्यात आहारतज्ज्ञ होण्यासाठी उमेदवारी करत होते. मधुमेह झालेल्या धावडा गावच्या एका शेतकऱ्याला मी जेवणाला दोन भाकरी लिहून दिल्या, तरी त्याची साखर उतरेना. माझ्या उमेदवारीच्या वहीवरची सही रोखून, मला शिकवणाऱ्या मॅडमनी त्याच्या डब्यातली करपलेली भाकरी तोलायला लावली. ती आमच्या मेसमधल्या चार भाकरींएवढी भरली. "मग आता अर्धीच द्या," मी त्याच्या बायकोला सांगितलं. "बाई, घरच्या मानसाला कुठं भाकर तोलून देत्यात का? मला न्हाई जमायचं," म्हणत ती तोंड फिरवून डबा बांधू लागली. माझा हिशेब आता बरोबर होता, म्हणून मॅडमनी सही केली. हल्ली मलाही मधुमेह आहे; सून माझी भाकरी काट्यावर ठेवते, तेव्हा मीही तोंड फिरवते.