कर दिवशी मोडलेलं मनगट

महायुद्ध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. त्या सकाळी जालन्यातल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनात माझ्या थोरल्या भावाचं उजवं मनगट मोडलं आणि चौकीदाराचे पुढचे दात पडले.

भाऊ जिनाच्या बॉयलरवर आगवाला होता. मी त्याच आवारात रुईच्या गाठी बांधायला होतो, म्हणून हे मी पाहिलेलं आहे. जिनमालकांनी आपसात ठरवून काही जिनं भर हंगामात बंद केली. त्यांत आमचं होतं. मुकादम बॉयलरपाशी आला आणि म्हणाला, "आग विझवा. आजपासून कुणाला काम न्हाई."

जिनाची एक रीत होती. हंगामाच्या सुरुवातीला नारळ फोडून जो आग पेटवील, त्यानेच शेवटी ती ओढून बाहेर काढायची. दुसऱ्याच्या हाताने विझली तर आगवाल्याची पत गेली, असं समजत. भावाने तेवढंच मागितलं.

"मी वढतो, साहेब. दुपारपर्यंत गार होईल."

"दुपारपर्यंत काय तुझी आरती करून राह्यलो का इथं? मालकाला जल्दी कुलूप लावायचंय." मग मुकादम चौकीदाराकडे वळला. "मार पाणी."

पेटत्या भट्टीत गार पाणी मारलं की वाफ तिच्या तोंडातून उलटी येते. पहिल्या बादलीला ती आली आणि भावाची छाती भाजली. दुसऱ्या बादलीला तो भट्टीच्या दारापुढे आडवा आला. चौकीदाराने लाठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मला गाठींच्या थप्पीपर्यंत ऐकू आला. भावाने डाव्या हाताने राख ओढायची लोखंडी दांडी उचलली आणि चौकीदाराच्या तोंडावर मारली. त्यानंतर मुकादमाच्या माणसांनी त्याला राखेत लोळवून लाथांनी तुडवलं. मी मध्ये पडलो, तर एक वीट माझ्या कानावर बसली. आम्ही मागच्या भिंतीवरून उड्या टाकल्या.

चौकीदारावर हात उचललेल्या माणसाला जालन्यातलं कुठलंही जिन आता घेणार नव्हतं. भावाला दुसरं काम येत नव्हतं. घरी न जाता आम्ही अंबडमार्गे तीर्थपुरीची वाट धरली. ते बरं झालं. मुकादमाची माणसं त्याच दुपारी घरी आली होती. त्यांनी दार फोडलं आणि वडिलांना अंगणात पाडून मारलं. हे वडिलांनी नंतर सांगितलं.

तीर्थपुरीला आमचे एक मामा होते, आईचे चुलतभाऊ. मुंबईच्या मालवाहू जहाजावर ते टिंडेल होते, म्हणजे आगवाल्यांकडून काम करून घेणारे. त्यांच्यावर सारंग, आणि माणसं निवडणं सारंगाच्या हातात. लढाईमुळे आगवाले कमी पडत होते. रजेवरून येताना दोन भक्कम गडी आण, असं सारंगाने मामांना सांगितलं होतं. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा निघणार होते.

भावाने मनगटाला धोतराची चिंधी आवळली आणि वरून घोंगडी घेतली. मला म्हणाला, "हाताचं बोलू नको. दिसला तर हे बी काम गेलं."

मामा त्यांच्या गुऱ्हाळावर भेटले. काहिलीत रस उकळत होता. भावाने जहाजावर काम मागितलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं.

"तुमच्या जालन्यात प्यायला पाणी न्हाई, अन् समुद्रावर निघाला व्हय?"

"आग तर हाये ना, मामा."

"मंग घाल जाळ. बघू."

भाऊ काहिलीखालच्या चुलवणासमोर बसला आणि डाव्या हाताने चिपाडं आत सारू लागला.

"डावरा हायेस का रे?"

"व्हय."

मामा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मग भाऊ वाकलेला असताना त्यांनी मागून त्याच्या कमरेत लाथ घातली. आमच्यापैकी कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. तोल गेलेला माणूस हात पुढे टाकतो, आणि पुढे चुलवणाचं तोंड होतं. भावाने उजवा हात छातीशी धरला होता. तो पुढे आलाच नाही. भाऊ खांद्यावर पडला आणि बाजूला लोळला. खांद्याची घोंगडी जळली. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही.

"बराबर पडला," मामा म्हणाले. "जहाज हालतं तवा असंच पडाया लागतं. हात फुडं टाकणारे दोन गडी मी भाजून मेलेले बघितलेत. सकाळी निघू."

सकाळी गाडीत बसताना मामांनी हात देऊन भावाला वर ओढलं. त्यांच्या हातात उजवं मनगट आलं. भाऊ खाली कोसळला. मामांनी चिंधी सोडली, सुजलेला हात पाहिला आणि भावाच्या मुस्कटात दोन दिल्या. त्याचं नाक फुटलं.

"जहाजावर कळलं असतं, तर तुला समुद्रात ढकलला असता."

"मंग आता?"

"आता काय. सारंगाला सांगितलंय दोन गडी आणतो म्हणून. तुझ्याबिगर एक बी न्हाई गावला. बस वर. रक्त पूस."

बैलगाडी स्टेशनाकडे निघाली. भट्टीचं काम मला येत नव्हतं, म्हणून मी तीर्थपुरीतच राहिलो.

पुढचं मामांनी सांगितलेलं. मुंबईत खलाशी तपासणाऱ्या डॉक्टरने भावाला दोन्ही मुठी वळायला लावल्या. त्याने वळल्या. उजवी वळताना त्याने खालचा ओठ दातांनी फोडून घेतला. डॉक्टर तेव्हा पुढच्या माणसाकडे पाहत होता. भाऊ कोळसा जाळणाऱ्या जहाजावर आगवाला म्हणून चढला.

पुढच्या रजेत मामा एकटे आले. भावाचं मनगट वाकडं जुळलंय, असं त्यांनी सांगितलं. भाऊ अजून जहाजाच्या भट्टीवरच होता.