कॉम्प्युटरला फोडलेला नारळ

सांगतो, पण कर्जतच्या बाजारात कुणाजवळ बोलायचं नाही हां. माझी गिऱ्हाइकं तुटतील.

माझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या, निम्म्या तालुक्याचे चेहरे माझ्या कॉम्प्युटरमध्ये. ज्याच्यावर पोट चालतं त्याची दसऱ्याला पूजा नको करायला? केली. तीही कॉम्प्युटर चालू ठेवून, म्हटलं देव जागा असलेला बरा. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला आणि कॉम्प्युटरच्या डब्याशेजारीच दगड ठेवून नारळ फोडला. आता नारळाचं पाणी कुठं उडावं हे काय माणसाच्या हातात असतं? डब्याला हवा जायला बाजूनं जाळी असते. हवेच्या वाटेनं पाणी आत गेलं. फट्ट आवाज आला आणि स्क्रीन काळा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुलाआत्या दारात. माझी सख्खी आत्या, राशीनला दिलेली. तिचे यजमान, आमचे तात्या, मागच्या वर्षी वारले.

"उद्या सोडून परवा पिंकीचा साखरपुडा हाय," आत्या म्हणाली. "ह्यांचा ट्रॅक्टरवरचा हसरा फोटू मोठा करून दे. तूच काढल्ता. पोरगी म्हनती, पप्पांचा हसरा फोटू शेजारी असंल तरच पाटावर बसंन."

"दुसरा एखादा नाही का?"

"आधार कार्डाचा हाय. त्यात चोरी करताना धरल्यावानी दिसत्यात."

फोटो काढलेला तात्यांच्याच मोबाईलवर, आणि तो मोबाईल तर विहिरीत गेलेला. म्हणजे तो फोटो जगात फक्त माझ्या त्या भिजलेल्या डब्यात. खरं सांगायला जीभ रेटेना. म्हणालो, "आत्या, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय."

"मंग काढ त्याला भाईर. मी बसते."

आणि बसली की हो. चहा झाला, जेवण झालं, बाई जागची हलेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला व्हायरसची बातमी देत होती. दुपारी एक गिऱ्हाईक दारातनंच ओरडलं, "फोटो मोबाईलवरनं पाठवत न्हाई शेठ, तुमच्याकडं साथ हाय म्हनं."

मीही हट्टाला पेटलो. डबा उन्हात ठेवला, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मारला, डब्याला शिव्याही घातल्या. ढिम्म. शेवटी म्हटलं, काही झालं तरी फोटो काढायचाच, उद्या नगरला नेतो.

"मी बी येते. तू येकटा गेलास तर भेळ खाऊन परत येशील."

सकाळी घाईघाईत कोपऱ्यातला एक जुना फ्लेक्स ओढला, पांढरी बाजू वर ठेवून डबा गुंडाळला आणि सुतळी बांधली. एस्टीत आत्यानं तो मांडीवर घेतला. माझ्याकडं देईचना. "तू आदळशील," म्हणाली.

नगरला दुरुस्तीवाल्यानं सुतळी तोडली, फ्लेक्स बाजूला टाकला आणि डबा उघडला. आधी वास घेतला. मग चिमट्यानं एक अक्षत काढली. मग खोबऱ्याचा तुकडा.

"काय झालं होतं म्हणालात?"

"व्हायरस," मी म्हणालो.

"व्हायरसला शेंडी होती का?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "दसऱ्याला कॉम्प्युटरवर नारळ फोडलास व्हय रं?"

"वर नाही. शेजारी."

दुरुस्तीवाला हसून हसून खुर्चीतनं पडायचा बाकी राहिला. पण बातमी चांगली होती. हार्ड डिस्क आतून शाबूत होती, नुसती वरची पट्टी जळली होती. तशीच पट्टी त्याच्या भंगारात सापडली. "फोटो निघतील, वेळ लागेल. बसा," म्हणाला.

बसायला जागा कुठं? आत्यानं तो फ्लेक्स उचलला, झटकला आणि जमिनीवर पसरला. बसायला म्हणून वाकली आणि तशीच थांबली.

फ्लेक्सवर तात्या होते. ट्रॅक्टरच्या सीटवर, सगळे दात दाखवत. खाली 'नवीन ट्रॅक्टर घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि कोपऱ्यात माझ्याच दुकानाचं नाव.

आत्या कडेला टेकली. पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली. "कर्जतपसनं मांडीवर घिऊन आले की रं ह्यांना," म्हणाली आणि रडायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी डिस्कमधनं तोच फोटो निघाला, अगदी लख्ख. आत्यानं एकदा स्क्रीन बघितला, एकदा फ्लेक्स बघितला, मग मला बघितलं. मी भेळ खायला बाहेर गेलो.

साखरपुड्याला तात्या मोठ्या फ्रेममध्ये हसत होते आणि पिंकी त्यांच्या शेजारी पाटावर बसली. फोटोला हार घातला. आता नारळ. तिचे चुलते माझ्या हातात नारळ देत म्हणाले, "फोटो तुम्ही मिळवला, मान तुमचा."

मी हात पुढं केला. तेवढ्यात आत्यानं मधेच नारळ उचलला.

"त्याच्याकडं नगा दिऊ," म्हणाली. "मांडवात लाईट हाय."