कापलेली तीन मिनिटं

रोडेलिओ गायेनेरो म्हणजे इलोइलो बंदरातल्या खलाशी घडवणाऱ्या कॉलेजातला जुना मास्तर. सव्वीस वर्षं पोरांना जीवनरक्षक होडी शिकवतोय. जहाजावरून खाली कशी सोडायची, परत वर कशी ओढायची. उजव्या हाताची दोन बोटं त्याच होडीच्या हुकात गेलेली. तो हात त्याने नुसता वर केला, की मागच्या बाकावरची खुसखुस बंद. असा माणूस, पण त्या बुधवारी दुपारी त्याची पार गाळण उडाली.

वर्गात व्हिडिओ चालू होता. इंटरनेटवरून उतरवलेला, मूळचा सात मिनिटांचा. पोरांच्या फोनात डेटा चिमूटभर, म्हणून यानेच कापून चार मिनिटांचा केलेला. मग काय, एका फोनवरून दुसऱ्यावर, वसतिगृहाच्या साऱ्या खोल्यांमधून फिरला. कापलेल्या भागात एक म्हातारा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, होडी वर ओढण्याआधी दोन्ही हुकांत वाकून बघतो, पक्के बसलेत का ते. नुसता हुकाचा दांडा बंद दिसला म्हणून भागत नाही. ते तर मी स्वतःच हात दाखवून सांगतो, व्हिडिओत कशाला हवं, असं याचं शहाणपण.

एवढ्यात फोन थरथरला. केनरिक पानिसालेसचा मेसेज. गेल्या वर्षीचा विद्यार्थी, आता दावाव बंदराजवळ नांगरलेल्या त्याच्या पहिल्या जहाजावर. ‘सर, आज तीनला होडीची कवायत. हुक माझ्याकडे दिलेत! तुमचा व्हिडिओ परत बघितला, काळजी नको.’

रोडेलिओ हसला आणि हसता हसताच थिजला. गेल्या वर्षी नेमकं या धड्याच्या वेळी वादळ आलं, कॉलेज दोन आठवडे बंद. ग्रुपवर फक्त हा कापलेला व्हिडिओ गेला. हात दाखवणारा मास्तर घरी छपराचे पत्रे बांधत होता, आणि कॉलेज उघडलं ते थेट परीक्षेलाच.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. कामावर जाताना फोन केबिनमध्ये ठेवायचा, हे यानेच शिकवलेलं! मग जहाज कंपनीत फोन केला.

"नुसत्या एका कवायतीसाठी जहाजावर कसं कळवू, सर?" तिथली मुलगी म्हणाली. "कॅप्टन माझ्यावरच ओरडतील."

"अगं बाई, माझं पोरगं उंचावरून पडेल गं!"

"तुमचा मुलगा आहे?"

"विद्यार्थी."

"मग ईमेल करा ना."

ईमेल केला. वर्ग सोडून तो घरी आला, तोवर तीन वाजले. बायको मारिवेलने बाचोयचा, म्हणजे शेवयांच्या सूपचा, वाफाळता वाडगा पुढे ठेवला. "खा आधी. तोंड बघ, जसा काही तूच लटकलायस."

"मीच कापलं गं ते, मारिवेल. मीच."

तिने वाडगा झाकला, स्कार्फ घेतला आणि जारोच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला निघून गेली. रोडेलिओ एकटाच फोनकडे बघत बसला.

पाच वाजता आवाजी निरोप आला. केनरिक हसत होता.

"सर! तांडेलाने माझी कॉलरच धरली. 'आत वाकून बघ, गाढवा!' म्हणाला. एक हुक अर्धवटच बसला होता हो, होडीत आम्ही सहा जण! कुणी शिकवलं तुला, विचारलं. मी छाती फुगवून तुमचं नाव सांगितलं. नव्या पोरांनी तुमचा व्हिडिओ मागून घेतलाय, सर. अजून दोन जहाजांवर गेलासुद्धा!"

जीव भांड्यात पडला, तो पुरता पडायच्या आतच पुन्हा वर आला. अजून दोन जहाजं. तिथे असा तांडेल असेलच, हे कोण सांगणार?

मारिवेल परतताच त्याने तिच्या हाती फोन दिला. "धर. मी बोलतो ते टिप. मध्येच थांबवू नकोस."

"मी रोडेलिओ गायेनेरो," तो तुटक्या बोटांचा हात कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला. "व्हिडिओतला सर्वांत महत्त्वाचा भाग मी कापला. चूक माझी. हुक असा, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा."

"नावानिशी? नोकरी जाईल रे!"

"जाऊ दे."

हे आणि ती कापलेली तीन मिनिटं जोडून त्याने सगळ्या ग्रुपांवर पाठवलं. पोरांचे अंगठे यायला लागले. तो एकेक नाव बघत होता. मग एकाचं उत्तर आलं:

‘सर, फाईल खूप मोठी आहे. जरा कापून पाठवता का?’